४१ मुलं, २० जोड्या आणि एक उरलेला

मागच्या शुक्रवारी वर्गातल्या जोड्यांचा चौदावा आठवडा संपला. त्याआधीचे पाच आठवडे नुसत्या खटपटीत गेले. सुरुवातीला मी जे काही वाचलं त्यात "मुलांना जोडीत बोलू द्या" एवढं सगळीकडे होतं. पण ४१ मुलांच्या जोड्या लावायच्या कशा, चार जण गैरहजर असले की त्यांचं गणित कसं जुळवायचं आणि ज्याच्याशेजारी कोणालाच बसायचं नसतं त्याचं काय, यावर कुठे ओळभरही सापडली नाही. म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतेय. ज्यांना नुसती पद्धत हवी आहे त्यांनी थेट कार्डांच्या भागावर जावं. मधल्या चुका वाचल्या नाहीत तरी चालेल, त्यातल्या निम्म्या तुम्ही स्वतः करणारच आहात.

वर्ग १३-१४ वर्षांच्या मुलांचा, विषय विज्ञान, तास ३५ मिनिटांचा. मी वर्गशिक्षिका नाही, फक्त विषय शिकवते. हे आत्ताच सांगतेय, कारण त्यामुळेच पुढे अर्ज-विनंत्या आल्या.

सुरुवात हजेरीपटाच्या झेरॉक्सपासून झाली. तीन दिवस, वर्गात जो कोणी प्रश्नाचं उत्तर देईल किंवा स्वतःहून काही विचारेल त्याच्या नावापुढे मी एक रेघ मारली. तीन तासांनंतर नऊ नावांपुढे रेघा होत्या आणि बत्तीस नावांपुढे कोरा कागद. त्या नवातल्या तिघांपुढे तर रेघांचं कुंपणच झालं होतं. माझा वर्ग बोलका आहे असं मी स्टाफरूममध्ये अभिमानाने सांगत असे. बोलकी तिघंच होती.

दुसरी मोजणी माझी स्वतःची. मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकात शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतात ते मोजलं होतं. साधारण सेकंदभर. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलायला लागतात, असं तिला आढळलं. मी फोनवर माझा एक तास रेकॉर्ड केला आणि घरी ऐकला. (स्वतःचा आवाज ऐकणं हा वेगळाच छळ.) सेकंद म्हणजे चैन म्हणायची! एका ठिकाणी मी प्रश्न विचारून त्याच श्वासात "हं, सांग तू" म्हटलंय, आणि तो 'तू' अर्थातच त्या तिघांपैकी.

मग ठरवलं, प्रश्न विचारला की आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा, मग जोडीत बोलायचं, मग वर्गापुढे सांगायचं. यात नवं काही नाही. 'थिंक-पेअर-शेअर' या नावाने मेरीलँड विद्यापीठातल्या फ्रँक लायमन यांनी हे १९८१ सालीच मांडलंय. तीन पायऱ्या ऐकायला सोप्या वाटतात. मधली पायरी माझे पाच आठवडे खाऊन गेली.

अर्ज

आमच्याकडे वर्गातल्या जागा वर्गशिक्षिका ठरवतात आणि बैठकीचा तक्ता दारामागे चिकटवलेला असतो. माझ्या तासापुरत्या का होईना, जागा बदलायच्या तर पर्यवेक्षकांची लेखी परवानगी हवी. ३ तारखेला अर्ज दिला. दोन दिवसांनी तो परत आला, कारण जागा किती वेळासाठी बदलणार ते मी लिहिलं नव्हतं. ७ तारखेला दुसरा अर्ज. १२ तारखेला तो शेरा मारून आला: "प्रायोगिक तत्त्वावर एक महिना. शेजारील वर्गास त्रास होऊ नये. तास संपण्यापूर्वी विद्यार्थी मूळ जागी असावेत."

तुम्ही अर्ज करणार असाल तर तीन गोष्टी आधीच घाला, एक फेरी वाचेल. जागा कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला आणि किती मिनिटं बदलणार. मूळ जागी परतायला राखून ठेवलेली दोन मिनिटं. आणि नजर किंवा कान अधू असलेल्या मुलांची काय सोय करणार. ही शेवटची यादी वर्गशिक्षिकेकडे असते. आमच्या यादीत सहा नावं निघाली. पाच जणांना फळा दिसायला पुढचे बाक हवे होते, आणि एका मुलाला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे जोडीदार कायम उजव्या बाजूला हवा. या मुलाला मी दीड वर्ष शिकवतेय. तो लक्ष देत नाही असं माझं मत होतं.

शेजारच्या वर्गातल्या सरांना मी अर्ज देण्याआधीच जाऊन भेटले. "आवाज होईल, पण सहा मिनिटांवर जाणार नाही, गेला तर भिंतीवर टकटक करा," असं सांगितलं. आजवर दोनदा टकटक झाली. दोन्ही वेळा ती रास्त होती.

शेजाऱ्याशी बोला

परवानगीची वाट बघताना, जिला परवानगी लागत नाही ती पद्धत करून पाहिली: आहे त्या बाकावर, शेजाऱ्याशी. प्रश्न होता, काठोकाठ भरलेल्या ग्लासात बर्फाचा तुकडा तरंगतोय, तो वितळला की पाणी सांडेल का?

चाळीस सेकंदांत पहिली आरोळी आली, "बाई, आमचं झालं!" वर्षानुवर्षं एका बाकावर बसणाऱ्यांना एकमेकांशी बोलावं लागतच नाही. मी तिसऱ्या बाकाजवळ उभी राहून बघत होते. एकीने वहीत 'सांडेल' लिहिलं, दुसरीने मान तिरकी करून ते वाचलं आणि आपल्या वहीत 'सांडेल' लिहिलं. झाली चर्चा. विचारलं, "काय बोललात?" तर म्हणे, "बाई, आमचं दोघींचं एकच मत आहे."

(पाणी सांडत नाही. तरंगणारा बर्फ जेवढ्या वजनाचं पाणी बाजूला सारतो, वितळल्यावर तेवढ्याच वजनाचं पाणी होतो. चर्चेला हा प्रश्न फार चांगला, कारण चुकीच्या उत्तरालाही मुलांकडे ठाम कारणं असतात.)

आपापला जोडीदार निवडा

१३ तारखेला, परवानगी हातात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मी ही चूक केली. मुलं आता मोठी आहेत, त्यांना ठरवू दे, असा माझा विचार. "कोणाबरोबर बसायचं ते तुम्ही ठरवा, एक मिनिट देते."

एका मिनिटात सगळा वर्ग हलला. बाकं सरकली, हाका मारल्या गेल्या, मैत्रिणींनी एकमेकींचे हात धरले. आणि त्या गडबडीत एक मुलगा उठला, कचऱ्याच्या डब्यापाशी गेला आणि पेन्सिलला टोक काढायला लागला. सावकाश. एक साल पडलं, दुसरं पडलं. त्याने टोक डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि परत शार्पनर फिरवला. पेन्सिलला टोक आधीच होतं. वर्ग स्थिरावेपर्यंत त्याला हातात काहीतरी काम हवं होतं, म्हणजे आपण शोधतोय आणि मिळत नाहीये असं दिसू नये. एक मिनिट संपलं तेव्हा वीस जोड्या झाल्या होत्या आणि ४१वा डब्यापाशी उभा होता. मी म्हटलं, "अरे, तू यांच्यात ये." ज्यांच्यात पाठवलं त्यांनी सरकून जागा दिली. पण ती देण्याआधी दोघांनी एकमेकांकडे जे पाहिलं, ते त्यानेही पाहिलं आणि मीही.

ती पद्धत मी त्या दिवशीच बंद केली. पण मनात होतं, यातून काही मार्ग निघेल. प्रत्येकाकडून गुपचूप तीन पसंतीची नावं लिहून घ्यायची आणि त्यावरून सगळ्यांना बऱ्यापैकी आवडेल अशी मांडणी करायची. स्टाफरूममध्ये आमच्या गणिताच्या बाईंना विचारलं. त्या हसल्या आणि त्यांनी पाठकोऱ्या कागदावर चार ठिपके काढले. १९६२ साली गेल आणि शॅप्ली या दोन गणितज्ञांनी जोड्या लावण्यावर एक प्रसिद्ध लेख लिहिला. त्यात त्यांनी दाखवलंय की एकाच गटातल्या मुलांच्या आपापसात जोड्या लावायच्या असतील, तर कोणाला फुटून जावंसं वाटणार नाही अशी मांडणी कधीकधी निघतच नाही. त्यांचं उदाहरण चारच मुलांचं आहे. पहिल्याला दुसरा सगळ्यात जास्त आवडतो, दुसऱ्याला तिसरा, तिसऱ्याला पहिला. आणि चौथा तिघांच्याही यादीत शेवटी. चौथा ज्याच्या वाट्याला येईल तो जोडी मोडायला बघणार, आणि त्याला घ्यायला तयार असा एक जण उरलेल्या दोघांत नेहमी सापडणार. की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

मी त्या चौथ्या ठिपक्याकडे बघत राहिले. बाईंना वाटलं मला गणित कळलं नाही, म्हणून त्यांनी परत समजावलं.

गुणांची यादी

पुढचे दोन आठवडे मी 'शास्त्रशुद्ध' पद्धत वापरली. बऱ्याच शिक्षकांकडून ऐकलेली आहे: गुणांप्रमाणे यादी करायची, मधोमध कापायची आणि दोन्ही भागांतले पहिले एकत्र, दुसरे एकत्र असं जुळवायचं. म्हणजे १ आणि २१, २ आणि २२. अगदी वरचा अगदी खालच्याबरोबर येत नाही, दोघांत फार दरी पडत नाही. कागदावर सुरेख दिसतं. यादी करायला एक अख्खी संध्याकाळ गेली.

आमच्या ४१ मध्ये २०वा ४०व्याबरोबर गेला आणि ४१वा उरला. म्हणजे गुणांत शेवटचा तोच जोड्यांतही उरलेला. हे मला यादी लिहून पूर्ण झाल्यावर दिसलं. त्याला तिसरा म्हणून एका जोडीत घातला आणि पुढे गेले.

मुलांनी ते कोडं दोन दिवसांत सोडवलं. तिसऱ्या दिवशी तास संपल्यावर एक मुलगी टेबलापाशी आली. वही तपासून घ्यायचं निमित्त. मी सही करत असताना हळूच म्हणाली, "बाई, जोडीत ज्याचं नाव आधी लिहिलंय तो वरच्या अर्ध्यातला ना?"

मी काय उत्तर देणार? कागदावर मी खरंच तसंच लिहिलं होतं. वरच्याचं नाव आधी.

त्यानंतर जोड्यांमध्ये जे ऐकू यायला लागलं ते चर्चेसारखं नव्हतं. एक सांगायचा, दुसरा लिहून घ्यायचा. स्टॅनफर्डच्या एलिझाबेथ कोहेन यांनी गटकामाच्या अभ्यासात हेच मांडलंय. कोण 'हुशार' आहे हे वर्गाला ठाऊक असलं की त्याच्याकडून जास्त अपेक्षा धरली जाते, तो जास्त बोलतो, आणि जास्त बोलतो म्हणून आणखी हुशार ठरतो. मी तर दर्जा यादीत लिहून, दारामागे चिकटवून दिला होता.

मध्ये चार दिवस चिठ्ठ्या काढून पाहिल्या. चिठ्ठ्या निःपक्षपाती असतात, पण ३५ मिनिटांतली ७ मिनिटं नुसत्या उलगडण्यात आणि "शी, परत हाच?" यात जातात. शिवाय चिठ्ठीला आठवण नसते. एक जोडी चार दिवसांत तीनदा निघाली.

कार्डं

शेवटी जी पद्धत टिकली ती खेळांच्या साखळी सामन्यांची. प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदा खेळतो, ती वेळापत्रकं अशीच करतात. वर्गाची संख्या सम असेल तर तेवढीच कार्डं घ्यायची. विषम असेल तर एक कोरं कार्ड जास्त घ्यायचं. माझी ४१ नावं अधिक एक कोरं, अशी ४२ कार्डं झाली. खोक्याच्या पुठ्ठ्याची कापली. खर्च काही नाही, दोन संध्याकाळी आणि अंगठ्याला एक फोड.

ती २१-२१च्या दोन ओळींत, एकाखाली एक मांडायची. वरखाली आलेली दोन कार्डं म्हणजे जोडी. कोरं कार्ड वरच्या ओळीत डाव्या कोपऱ्यात ठेवायचं आणि ते कधीही हलवायचं नाही. दर सोमवारी बाकीची सगळी एक घर पुढे सरकवायची, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने: वरच्या ओळीतली उजवीकडे, टोकाचं खाली, खालच्या ओळीतली डावीकडे, आणि खालच्या डाव्या टोकाचं वर, कोऱ्या कार्डाच्या लगेच पुढच्या जागी. ४१ मुलांच्या एकूण ८२० जोड्या होऊ शकतात. एका आठवड्याला वीस. ४१ आठवड्यांत प्रत्येक जण प्रत्येकाबरोबर बरोबर एकदा बसून होतो. तेवढे आठवडे आपल्याला मिळत नाहीत, पण एकही जोडी परत येत नाही, हे मिळतं.

ज्याचं कार्ड कोऱ्याखाली येतं तो त्या आठवड्याचा तिसरा. तो हवी ती जोडी निवडून तिच्यात बसतो, जोडीने नाही म्हणायचं नाही. या पद्धतीत मला सगळ्यात जास्त आवडतं ते हे. तिसरं होणं ही पाळी आहे, हजेरी घेण्यासारखी. पहिल्या आठवड्याला कोऱ्याखाली कोण येणार हे मात्र मी ठरवून मांडलं. रेघांचं कुंपण असलेल्या तिघांपैकी एक. त्याला कोणाकडे जाऊ हे कळेना, दोन मिनिटं तो वर्गात नुसता फिरत होता.

दोन ठिकाणी मी हात घालते. वर्गशिक्षिकेने खासगीत सांगितलेल्या तीन जोड्या अशा आहेत की त्यांना एकत्र बसवू नये. कारणं त्यांनी सांगितली नाहीत, मी विचारली नाहीत. तशी जोडी आली की शेजारच्या जोडीशी अदलाबदल. आणि डाव्या कानाचा विषय: जोडी कोणतीही असो, त्याची जागा ठरलेली, जोडीदार येऊन उजवीकडे बसतो. नजरेच्या पाच जणांचंही तसंच, ते पुढे आणि जोडीदार त्यांच्याकडे येतो.

गैरहजेरीने मात्र मला पहिले दोन आठवडे रडवलं. एका सोमवारी सहा मुलं नव्हती आणि मी फळ्यापाशी उभी राहून नव्याने जोड्या लावत बसले, अकरा मिनिटं गेली. आता नियम मुलांना पाठ आहे. जोडीदार नसेल तर हात वर करून उभं राहायचं. उभ्या असलेल्यांनी जवळच्या उभ्या असलेल्याकडे जायचं. एकच उरला तर तो त्या दिवसाचा आणखी एक 'तिसरा'. वीस सेकंद. कार्डांना हात लावायचा नाही, ती आठवड्याचीच राहतात, उद्या आलेलं मूल आपल्या जोडीत परत बसतं.

पहिलं कोण बोलणार

जोड्या लागल्या म्हणजे काम झालं असं मला वाटत होतं. कार्डांच्या पहिल्या आठवड्यात मी परत तिसऱ्या बाकाजवळ उभी राहिले. नवी जोडी. एक मुलगा भरभर बोलत होता, समोरची मुलगी वहीच्या कडेला चौकोन काढत होती. चौकोनात चौकोन, त्यात चौकोन. वेळ संपली तेव्हा सात झाले होते.

मग वेळ वाटून दिला. कार्डांच्या खालच्या ओळीतल्याने आधी बोलायचं, ४५ सेकंद. वरच्याने मध्ये तोंड उघडायचं नाही. मग उलट. मग दीड मिनिट मोकळं. कार्डं सरकतात तशी मुलं खालून वर, वरून खाली जातात, त्यामुळे पहिलं बोलायची पाळीही फिरते. आणि वर्गापुढे सांगताना स्वतःचं मत सांगायचंच नाही, जोडीदाराचं सांगायचं. "हिचं म्हणणं असं आहे की..." पहिल्या दिवशी त्या भरभर बोलणाऱ्या मुलाला मी उठवलं. तो उभा राहिला, शेजारी पाहिलं आणि म्हणाला, "बाई, दोन मिनिटं मिळतील का? मी हिला विचारलंच नाही."

हार्वर्डमध्ये एरिक माझुर १९९०च्या दशकापासून भौतिकशास्त्राच्या तासाला शेजाऱ्याशी चर्चा करायला लावतात. त्यांच्याकडून एक गोष्ट उचलली: जोडीत बोलण्याआधी प्रत्येकाने आपलं उत्तर नोंदवायचं. आम्ही बोटं वापरतो. पर्याय १ ते ४, छातीजवळ धरून, दुसऱ्याला दिसणार नाहीत अशी. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असतील तरच चर्चा लावायची. त्याहून कमी असतील तर आधी परत शिकवायचं, जास्त असतील तर थोडक्यात सांगून पुढे जायचं. यामुळे मी निम्म्या फुसक्या चर्चा टाळल्या. आधी मी कशावरही चर्चा लावत होते.

पालक

सहाव्या आठवड्यात एक पालक भेटायला आले. आधी चिठ्ठी, मग भेटीची वेळ, ती मिळायला पाच दिवस. पर्यवेक्षक सर समोर बसलेले. पालकांचं म्हणणं स्पष्ट होतं. "मॅडम, आमची मुलगी हुशार आहे. दर आठवड्याला तिने नव्या कोणाला तरी शिकवत बसायचं का? तिचा फायदा काय?"

मला राग आला होता, पण प्रश्न चुकीचा नव्हता. गुणांच्या यादीच्या आठवड्यांत तिच्याकडून तेच होत होतं. मी तसं कबूल केलं. मग २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी आधी एकट्याने उत्तर दिलं, मग चर्चा केली आणि मग तशाच दुसऱ्या प्रश्नाला परत एकट्याने उत्तर दिलं. सुरुवातीला गटातल्या कोणालाच बरोबर उत्तर माहीत नव्हतं, तिथेही दुसऱ्या प्रश्नाला उत्तरं सुधारली होती. म्हणजे एकाने दुसऱ्याला उत्तर पोचवलं एवढंच ते नसतं. पालकांनी ऐकून घेतलं. पटलं असं वाटलं नाही. मग मी त्यांच्या मुलीची वही दाखवली. झाडाचं वजन कुठून येतं या प्रश्नावर तिने आधी लिहिलं होतं 'मातीतून', खाली जोडीदाराचं म्हणणं, 'मग कुंडीतली माती संपत का नाही?', आणि त्याखाली तिने स्वतःचं उत्तर खोडलं होतं. १६४८ साली छापून आलेल्या व्हॅन हेल्मॉन्टच्या प्रयोगात हाच प्रश्न आहे. त्याने कुंडीतलं विलोचं झाड पाच वर्षं वाढवलं, झाडाचं वजन १६४ पौंडांनी वाढलं आणि मातीचं जेमतेम दोन औंसांनी घटलं. कुंडीचा प्रश्न विचारणारा मुलगा म्हणजे गुणांच्या यादीतला ३८वा. हे अर्थातच मी सांगितलं नाही.

पालक वही बघत बराच वेळ गप्प होते. जाताना म्हणाले, "परीक्षेपर्यंत बघू." परीक्षा अजून व्हायची आहे.

सध्या

महिन्याची परवानगी दोनदा वाढवून घेतली, दर वेळी नवा अर्ज, दर वेळी साधारण आठवडाभर वाट. दहाव्या आठवड्यात हजेरीपटाची नवी झेरॉक्स काढून परत तीन दिवस रेघा मारल्या. या वेळी २६ नावांपुढे रेघा आल्या. पंधरा अजून कोरी आहेत. त्यातली काही जोडीत बोलतात, मी ऐकलंय, वर्गापुढे मात्र नाही. चौकोन काढणारी मुलगी अजूनही चौकोन काढते. तिचे ४५ सेकंद ती बोलते, मग काढते. दोन जोड्या तर आठवडाभर पूर्ण फसल्या, शुक्रवारपर्यंत एकमेकांशी धड बोलल्या नाहीत. आठवडाच असतो, हे दोघांनाही माहीत असल्यामुळे निभावलं.

गेल्या सोमवारी मला मीटिंगमुळे उशीर झाला. वर्गात शिरले तर मुलांनी कार्डं आधीच सरकवलेली, सगळी आपापल्या नव्या जागी बसलेली. तास सुरू केला. प्रश्न सांगितला, बोटं मोजली, टायमर लावला. अर्ध्यात लक्षात आलं की कार्डं उलट्या दिशेने सरकवली आहेत आणि गेल्याच्या गेल्या आठवड्याच्या जोड्या परत आल्या आहेत. म्हणजे एकूण एक मुलाला हे पहिल्या क्षणीच कळलेलं होतं. एकानेही सांगितलं नव्हतं. पेन्सिलवाला मुलगा खिडकीजवळ बसला होता, शेजाऱ्याच्या वहीवर बोट ठेवून म्हणत होता, "अरे, त्या दिवशी अर्धवट राहिलं होतं, बघ, तू हे म्हणाला होतास..."

कार्डं मी शुक्रवारपर्यंत तशीच राहू दिली.